वाचकांचे प्रश्न : सातशे ग्रॅमचं बाळ आणि वंशाचा प्रश्न

प्रश्न : माझी भाची शिकागोत नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. ती म्हणते, पंचवीस-सव्वीस आठवड्यांत जन्मलेली कृष्णवर्णीय बाळं तेवढ्याच आठवड्यांच्या गोऱ्या बाळांपेक्षा सरासरीने हलकी भरतात. हे रक्तातच असतं का?

उत्तर : रक्तातच असतं, तर आफ्रिकेतून आलेल्या आयांच्या बाळांतही तेवढीच तफावत दिसली असती. भाचीच्याच इलिनॉय राज्यातल्या 1980 ते 1995 च्या जन्मनोंदी डेव्हिड आणि कॉलिन्स या संशोधकांनी 1997 मध्ये मांडल्या. सरासरी वजनं अशी : गोऱ्या आयांची बाळं 3446 ग्रॅम, आफ्रिकेत जन्मलेल्या आयांची 3333, अमेरिकेतच जन्मलेल्या कृष्णवर्णीय आयांची 3089. या आकड्यांत पूर्ण दिवसांची बाळंही आहेत, पण कारण कुठे शोधायचं ते त्यातून कळतं.

28 आठवड्यांच्या आतल्या बाळाबद्दल आधी विचारावं, ते इतक्या लवकर का आलं? जंतुसंसर्गाने किंवा पाणमोट फुटून आलेलं बाळ बहुधा वयाला साजेशा वजनाचं असतं. प्रीएक्लॅम्प्सियात, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढण्याच्या आजारात, वारेकडे (प्लॅसेंटाकडे) जाणाऱ्या रक्तवाहिन्या हव्या तशा रुंदावत नाहीत, बाळाची वाढ खुंटते आणि शेवटी आईच्या जिवासाठी लवकर सिझेरियन करावं लागतं. म्हणजे एकच आजार बाळाला लवकरही आणतो आणि बारीकही ठेवतो. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांत जुना उच्च रक्तदाब आणि प्रीएक्लॅम्प्सिया दोन्ही जास्त आढळतात, त्यामुळे त्या गटाची सरासरी खाली येते. त्यामागे वेगळ्या पाडलेल्या वस्त्या, तुटपुंजा विमा, उशिरा होणारी पहिली तपासणी आणि तक्रार करूनही दुर्लक्ष होणं आहे. हे सगळं बदलता येण्याजोगं आहे, म्हणून ‘वंशच तसा’ या उत्तरावर थांबणं आम्हाला घातक वाटतं.

मोजमापातही गफलत होते. या वयात गर्भ रोज किलोमागे साधारण 15 ग्रॅम वाढतो, म्हणजे 700 ग्रॅमचं बाळ दिवसाला दहा ग्रॅम. आठवडा चुकला की सत्तर ग्रॅम चुकले. 14 आठवड्यांच्या आतल्या सोनोग्राफीत पाच-सात दिवसांची चूक धरतात, 22 ते 27 आठवड्यांत पहिल्यांदाच केली तर दोन आठवड्यांपर्यंतची. वजन करताना बाळाला ऊब राहावी म्हणून गुंडाळायची प्लास्टिकची पिशवी आणि नाळेचा चिमटा आधी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा, श्वासाची नळी हाताने उचलून धरावी. नळीचा भार काट्यावर पडला तर आकडा फसवा येतो. अमेरिकेतल्या 2008 च्या एका मोठ्या अभ्यासात 100 ग्रॅम जादा वजनाने बाळाच्या मृत्यूचा किंवा गंभीर अपंगत्वाचा धोका जवळपास एक आठवडा जास्त पोटात राहिल्याइतका कमी झाला होता. त्यामुळे इथे वीस-तीस ग्रॅमही किरकोळ नाहीत.

प्रश्न : न्यू जर्सीत आमची नात 27 आठवड्यांना जन्मली, वजन 780 ग्रॅम. वाढीच्या दोन तक्त्यांवर दोन वेगळे पर्सेंटाइल (त्याच वयाच्या शंभर बाळांत वजनाने कितवं) आले. भारतीयांसाठी वेगळा तक्ता मागावा का?

उत्तर : मागू नका. आकडे वेगळे येतात, कारण प्रत्येक तक्ता वेगळ्या बाळांवरून बनतो. बाळांच्या वाढीचा अनेक देशांत अभ्यास करणाऱ्या इंटरग्रोथ-21 प्रकल्पाच्या आठ ठिकाणांत आपलं नागपूरही होतं. आई सुदृढ, खातीपिती असेल तर देशोदेशींच्या बाळांची वाढ बरीच सारखी असते, असं त्यात दिसलं. मात्र 33 आठवड्यांच्या आतली बाळं त्यात फार थोडी होती, म्हणून अनेक विभाग अकाली जन्मलेल्या बाळांसाठीचा फेंटनचा तक्ता वापरतात. ‘भारतीय आहे, बारीक असायचंच’ म्हणत वेगळा तक्ता लावला, तर खरोखर वाढ खुंटलेलं बाळ नजरेतून सुटतं. एकच तक्ता धरा आणि डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा : वय दिवसांसकट किती, गर्भातल्या डॉपलर तपासणीत नाळेचा रक्तप्रवाह कसा होता, वारेचा पॅथॉलॉजी अहवाल काय सांगतो.

पहिल्या आठवड्यात वजन घटलं तर घाबरू नका. साधारण दोन आठवड्यांत जन्मवजन परत आल्यावर रोज किलोमागे 15 ते 20 ग्रॅम वाढ हवी. ती होत नसेल तर आईच्या दुधात फोर्टिफायर (दुधाचं पोषण वाढवणारी भर) कधीपासून आणि किती घालताहेत, दिवसाला किलोमागे प्रथिनं किती ग्रॅम जाताहेत (साडेतीन ते साडेचार हवीत), हे विचारा.

प्रश्न : पहिल्या वेळी प्रीएक्लॅम्प्सिया झाला होता. पुढच्या खेपेला काही करता येईल?

उत्तर : दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांना आधीचे कागद दाखवा आणि कमी मात्रेच्या ॲस्पिरिनबद्दल विचारा. अमेरिकेत 81 मिलिग्रॅमची गोळी देतात, आपल्याकडे 75 किंवा 150 ची. ती 12 व्या आठवड्यानंतर आणि शक्यतो 16 व्याच्या आत सुरू व्हावी, उशीर झाला की उपयोग घटतो. मनाने घेऊ नका. दमा, पोटातला व्रण किंवा रक्तस्रावाचा त्रास असेल तर तो आधी सांगा. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे चमकणं, बरगडीखाली उजवीकडे दुखणं यांपैकी काहीही झालं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्या.