कोकणात चांदण्यांना काय म्हणतात, आणि मिरग लागतो तेव्हा आकाशात मृग का दिसत नाही?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: गावाकडे तारकांना कोणती नावं आहेत, आणि ‘मिरग लागलो’ म्हणतात तेव्हा आकाशात मृग का सापडत नाही. मी मालवणकडची, तेव्हा आमच्याकडचं सांगते.

दुसरं आधी घेते, कारण घोळ तिथेच होतो. पावसाची नक्षत्रं ही सूर्याची नक्षत्रं. सूर्य वर्षभरात २७ नक्षत्रांतून जातो, म्हणजे एकेकात १३-१४ दिवस. ७-८ जूनला तो मृगात शिरला की मिरग लागला. त्या दिवसांत मृगाचे तारे सूर्यासोबतच उगवतात आणि मावळतात. ढग नसते तरी दिसले नसते. पुढच्या तरण्या पावसाचं (पुनर्वसू) आणि म्हाताऱ्या पावसाचं (पुष्य) तेच. तरवा (भाताची रोपं) पेरणाऱ्याला तारे बघायचेच नसतात. पंचांगात यंदा नक्षत्राचं वाहन बेडूक की कोल्हा, यावर वाद घालायला मात्र सगळे तयार.

मृग बघायचा तर जानेवारीत रात्री दहाच्या सुमारास, दक्षिणेकडे तोंड करून वर. चार कोपऱ्यांचे तारे हे हरणाचे पाय, आणि मधले ओळीतले तीन म्हणजे पोटात घुसलेला बाण. या तिघांना जुनी माणसं तिकांडं म्हणत. तीच ओळ खाली डावीकडे वाढवली की बाण मारणारा व्याध, रात्रीच्या आकाशातला सगळ्यांत तेजस्वी तारा. वर उजवीकडे गेलात की तांबूस रोहिणी, तिच्यापुढे कृत्तिकांचा पुंजका. मूळचे रत्नागिरीचे टिळक १८९३ साली याच मृगाच्या आधारे वेदांचा काळ मांडायला निघाले होते, म्हणजे हे हरीण आपल्याकडे बरंच मानाचं.

सप्तर्षी हे नाव शाळेतलं. माझ्या आजीसाठी ते म्हातारीचं बाजलं. चौकोनाचे चार तारे म्हणजे बाजल्याचे खूर, मागचे तीन म्हणजे ते पळवायला आलेले चोर. मधल्या चोराकडे नीट बघा, त्याला चिकटून एक बारीक चांदणी आहे. ती अरुंधती, आणि तो चोर म्हणजे खरं तर वसिष्ठ! लग्नात नवरीला दाखवतात ती हीच जोडी. चोरांपासून लांबच्या दोन खुरांची रेघ पुढे नेली की ध्रुव. मालवणात तो क्षितिजापासून जेमतेम १६ अंश वर असतो. त्यामुळे घराच्या खळ्यातून (अंगणातून) बहुतेकदा माडांआडच राहतो, किनाऱ्यावर जावं लागतं.

नवरात्रात आभाळ उघडलं की संध्याकाळी श्रवणाची कावड वर असते: मध्ये ठळक तारा, दोन बाजूंना दोन फिके, आंधळे आईबाप. वृश्चिकाला सगळे विंचू म्हणतात, पण मला त्या शेपटीत विंचवापेक्षा मासे धरायची गरीच दिसते. मे महिन्यात रात्री अकरानंतर बघून तुम्हीच ठरवा.

अगस्ती हा तारा आणि त्रिशंकू हा क्रुसाच्या आकाराचा तारकासमूह, यांच्या बाबतीत आपण कोकणातले नशीबवान, कारण उत्तर भारतातून ते फार खाली राहतात, हिमालयाकडून तर त्रिशंकू पुरता दिसतच नाही. अगस्ती फेब्रुवारीत संध्याकाळी व्याधाच्या खाली दक्षिणेला दिसतो. पावसाळा सरताना तो पहाटे उगवू लागला की गढूळ पाणी निवळतं, ही जुनी समजूत. समुद्र पिऊन टाकणाऱ्या ऋषीला तेवढं जमायलाच हवं! त्रिशंकू मेच्या सुरुवातीला रात्री दहाला, दक्षिण क्षितिजालगत. त्याच्या डावीकडे दोन ठळक तारे शेजारी शेजारी दिसले तर तो तोच.