वायआर४ हा लघुग्रह पृथ्वीवर आदळण्याची शक्यता आधी वाढली आणि मग एकदम शून्य कशी झाली? आकडा मॅनेज केला का? आणि त्याची कक्षा कशी आहे?

'आकडा मॅनेज केला का' वाचलं आणि आमचे साडू डोळ्यांपुढे आले. म्हणून लिहितोय.

१९ फेब्रुवारी २०२५, शिवजयंतीची सुट्टी. नेरूळला साडूंकडे जेवायला गेलो होतो. आदल्याच दिवशी २०३२ च्या टकरीची शक्यता ३.१ टक्क्यांवर गेलेली. साडूंनी मोबाइलवर तो कुठे आदळू शकेल त्याचा नकाशा उघडला. प्रशांत महासागर, दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, आफ्रिका, अरबी समुद्र करत पट्टा थेट आपल्या अंगणात. "बघा साडूभाऊ, रोज वाढतंय. असंच चाललं तर शंभर!" मी म्हटलं, तसंच एकदम शून्यही होईल. सगळे हसले. मी महिन्यातून एकदा वांगणीला आकाशदर्शनाला जातो, त्यावरचे टोमणे वीस वर्षं चालू आहेत. त्यात एकाची भर.

मग मीही सोडलं नाही. म्हटलं, तुमची पासपोर्टची फाइल हरवली होती आठवतंय? कपाट पाहिलं, नाही. बँकेचा लॉकर पाहिला, नाही. एकेक जागा बाद होत गेली तसा ठाण्याला आमच्याकडे राहिल्याचा संशय वाढत गेला. चार दिवस मी चोर. आणि फाइल निघाली तुमच्याच स्कूटरच्या डिकीत! त्या क्षणी माझ्यावरचा संशय किती टक्के उरला? तो कुणी मॅनेज केला होता?

लघुग्रहाचंही असंच झालं. २०३२ मध्ये तो जिथे असू शकेल तो पट्टा आधी लांबलचक होता, पृथ्वी त्यातला एक ठिपका. नवी निरीक्षणं आली, पट्टा आखडला, पण ठिपका आतच राहिला, म्हणून टक्के वाढले. आणखी आखडला, ठिपका बाहेर, खेळ खलास. २४ फेब्रुवारीला ०.००४ टक्के. २००४ मध्ये अपोफिस या दुसऱ्या लघुग्रहाचंही २.७ टक्क्यांपर्यंत जाऊन हेच झालं होतं. जुनी छायाचित्रं सापडली आणि २०२९ मधल्या टकरीची भीती संपली.

कक्षेबद्दल थोडक्यात: लांबट, सूर्याभोवती एका फेरीला सुमारे चार वर्षं. जवळच्या टोकाला तो पृथ्वीच्या कक्षेच्या आत शिरतो, लांबच्या टोकाला मंगळ आणि लघुग्रहांचा मुख्य पट्टा मागे टाकून गुरूच्या कक्षेच्या दिशेने जातो. आकार साधारण ६० मीटर, म्हणजे घोडबंदर रोडचा वीसमजली टॉवर. स्वतःभोवती वीसेक मिनिटांत गिरकी. गंमत म्हणजे २७ डिसेंबर २०२४ ला चिलीतल्या दुर्बिणीला तो सापडला तेव्हा दोन दिवसांपूर्वीच आपल्या जवळून निघून गेला होता. लांब जाताना अंधुक होत जाणारा दगड, त्यामुळे मोजमापाला वेळ थोडाच होता.

तेव्हा आकडा रोज बदलतो म्हणजे शास्त्रज्ञांना काही कळत नाही, हे बोलणं बंद करा. न बदलणारा आकडा दिसला तर शंका घ्या.

हां, माझं फाइलचं उदाहरण अगदी चपखल नाही. फाइल एका जागी पडून असते, इथे काही आठवड्यांच्या निरीक्षणांवरून धावत्या दगडाची आठ वर्षांनंतरची जागा काढायची असते. आणि हे शून्य फक्त २०३२ मधल्या पृथ्वीशी टकरीपुरतं.

२४ तारखेला रात्री साडूंना ०.००४ पाठवलं. ब्लू टिक आली, उत्तर नाही. फाइलबद्दलही अजून एक शब्द नाही.