तालमी, हजेरी आणि राहिलेला विषय

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेसाठी बसवल्या जाणाऱ्या महाविद्यालयाच्या एकांकिकेत ती यंदा प्रकाशयोजना सांभाळते. जूनपासून रोज रात्री दहापर्यंत तालमी चालतात. गेल्या वर्षी तिने राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घातले होते, ते तिने मध्येच सोडले. मागच्या सत्रात तिचा एक विषय राहिला. तिला हे सारे बंद करायला सांगावे का?
– एक पालक, कराड

उत्तर : आपल्या पत्रातच एक गोष्ट स्पष्ट आहे, ती आधी सांगतो. तालमी जूनमध्ये सुरू झाल्या आणि विषय राहिला तो त्याआधीच्या सत्रात. तेव्हा अपयशाचे खापर नाटकावर फोडता येणार नाही. तो विषय का राहिला, हे मुलीला स्वतंत्रपणे आणि न रागावता विचारावे. बारावीनंतर पहिल्याच वर्षी घराबाहेर राहणाऱ्या मुलांच्या बाबतीत त्याचे कारण बहुधा अभ्यासाची पद्धत न बदलणे हे असते.

आता नाटकाविषयी. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था 1963 पासून ही स्पर्धा घेते. प्राथमिक फेरी साधारणपणे ऑगस्टमध्ये भरत नाट्य मंदिरात होते आणि अंतिम फेरी त्यानंतर काही आठवड्यांत; म्हणजे सत्रपरीक्षेच्या तोंडावर हे काम आपोआप संपते. शेवट ठरलेला असलेले काम मध्येच सोडायला लावू नये, असे माझे मत आहे, विशेषतः ज्या मुलीने एक काम आधीच अर्धवट सोडले आहे तिला तर नाहीच. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत 240 तासांचे काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर पूर्ण केले, तरच त्याला अर्थ राहतो. मी काही वर्षे कार्यक्रम अधिकारी होतो. वृक्षारोपणाच्या छायाचित्रापुरते येणारे विद्यार्थी मला आज आठवत नाहीत, पण शिबिरातल्या पन्नास जणांच्या शिध्याचा हिशेब सात दिवस चोख ठेवणारा, एरवी वर्गात तोंडही न उघडणारा एक मुलगा पक्का आठवतो. प्रमाणपत्रांची फाईल जाड करण्याच्या हौसेला मी उपक्रम म्हणत नाही.

मात्र रोज रात्री दहापर्यंत थांबण्याची गरज आहे का, हे तिला जरूर विचारावे. प्रकाशयोजनेचे खरे काम हालचाली पक्क्या झाल्यावर, शेवटच्या काही आठवड्यांत वाढते. तोवर आठवड्यातून दोन-तीन तालमी पाहून टिपणे काढली तरी भागते. पण आपण उठून गेलो तर गटाशी बेइमानी होईल, या संकोचाने धाकटी मुले बसून राहतात. दिग्दर्शकाशी हे बोलण्याचे धैर्य तिने दाखवले, तर तेही शिक्षणच झाले. बक्षिसाचा भरवसा मात्र धरू नये. 2022 मध्ये परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या योग्यतेची नाही असे ठरवले आणि मुख्य करंडक कोणालाच दिला नाही. त्यावर पुष्कळ वाद झाला. मला तो निर्णय कठोर, पण विद्यार्थ्यांना गांभीर्याने घेणारा वाटला.

हजेरीचा मुद्दा पत्रात नाही, पण अडचण बहुधा तिथेच येते. पंच्याहत्तर टक्क्यांची अट सर्वत्र ऐकू येते, आणि स्पर्धेच्या दिवसांची सवलत मागायची तर प्राचार्यांचे पत्र आधी घ्यावे लागते; सत्र संपल्यावर विभागप्रमुखांच्या दारात उभे राहून उपयोग होत नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या अभ्यासक्रमांत सांस्कृतिक कामालाही श्रेयांक (क्रेडिट) मिळू शकतात. तिच्या महाविद्यालयात या एकांकिकेचे काम त्यात धरले जाते का, याची चौकशी तिने याच आठवड्यात करावी.

राहिलेल्या विषयासाठी सकाळचे दोन तास राखून ठेवावेत आणि त्या विषयाच्या परीक्षेचा अर्ज भरण्याची शेवटची तारीख तिने तालमीच्या वेळापत्रकावरच लिहून ठेवावी.