वाचकांचे प्रश्न : जुन्या ट्रकची केबिन आणि तिची डागडुजी

प्रश्न : आमच्याकडे २००४ सालचा, कंपनीच्या केबिनचा टाटा १६१३ ट्रक आहे. हंगामात कारखान्याला ऊस आणि एरवी विटा-खडी अशी वाहतूक असते. इंजिन चांगले आहे, पण केबिनची पार रया गेली आहे. डॅशबोर्ड पांढरट पडला आहे, ड्रायव्हरच्या सीटचे रेक्झिन फाटून आतल्या फोमचा भुगा बाहेर पडतो आणि पावसाळ्यात मॅटखालून कुबट वास येतो. पेंटर म्हणतो की डॅशबोर्ड रॉकेलने पुसून त्यावर काळा लॅकर मारू, वरून नवे रेक्झिन चढवू, काम लगेच होईल. सुरुवात कोठून करावी? (एक वाचक, कराड)

उत्तर : पेंटरने सांगितलेला क्रम नेमका उलटा आहे. आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट डॅशबोर्ड नसून कुबट वास ही आहे, कारण तो वास म्हणजे मॅटखाली पाणी साचते आहे आणि पत्रा आतून खाल्ला जातो आहे, याची खूण आहे. त्यावर नवे रेक्झिन चढवले तर दोन पावसाळ्यांत तेच काम पुन्हा करावे लागेल. म्हणून बॅटरीची ऋण तार आधी सोडून दोन्ही सीटा बाहेर काढाव्यात आणि रबरी मॅट व तिच्याखालचे नमद्याचे किंवा डांबरी थर पूर्ण उचलावेत. केवळ कडा उचलून पाहणे पुरेसे नाही, कारण ओल नेहमी पेडलजवळच्या खोलगट कोपऱ्यात आणि सीटच्या पायांच्या बोल्टभोवती मुरते.

पाणी कोठून येते हे अंदाजाने ठरवू नये. एकाने टॉर्च घेऊन केबिनमध्ये बसावे आणि दुसऱ्याने बाहेरून पाइपने, जोर न लावता, खालून सुरुवात करून हळूहळू वर पाणी सोडावे. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळते आणि मूळ फट सापडत नाही. पुढच्या काचेचे रबर, विशेषतः त्याचे खालचे दोन कोपरे, दरवाजाचे बीडिंग (कडेची रबरी पट्टी) आणि वायरी व केबल जेथून आत येतात त्या छिद्रांतील रबरी कडी, म्हणजे ग्रोमेट, ही ठिकाणे प्रथम पाहावीत. दरवाजाच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी छिद्रे असतात. ऊस आणि खडी वाहणाऱ्या गाडीत ती हमखास मातीने बुजलेली असतात आणि मग दरवाजा आतून सडतो. काचेचे रबर कडक होऊन चिरले असेल तर त्यावर सिलिकॉनचा थर फासण्यापेक्षा रबर बदलणे बरे, कारण सिलिकॉनच्या आड पाणी अडकून काचेच्या चौकटीचा पत्रा गंजत राहतो.

गंजाच्या बाबतीत स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने पत्रा टोचून पाहावा. टोक आत गेले तर तो भाग कापून नवा पत्रा वेल्ड करणे हाच उपाय आहे, आणि त्यावर लांबी (पुट्टी) भरून देणाऱ्या कारागिराला नम्रपणे नकार द्यावा. वेल्डिंग करताना जवळपास फोम, नमदा किंवा डिझेलचे बोळे राहू देऊ नयेत. पत्रा घट्ट असेल तर तारेच्या ब्रशने सैल गंज काढून, ८० नंबरच्या पॉलिशपेपरने घासून, फॉस्फोरिक आम्लाचे गंजरोधक डब्यावरील सूचनेप्रमाणे लावावे. ते पूर्ण वाळल्यावर इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर रंग द्यावा. हे सर्व हंगाम संपल्यावर, एप्रिल-मे महिन्यांत करावे, म्हणजे मृगाच्या सरी येण्यापूर्वी प्रत्येक थर खडखडीत वाळेल.

आता डॅशबोर्ड. रॉकेल आणि थिनर दोन्ही टाळावेत. थिनरने एबीएस, म्हणजे डॅशबोर्डला वापरतात ते कडक प्लास्टिक, मऊ पडून चिकट होते, तर रॉकेलचा तेलकट थर मागे राहतो आणि त्यावर रंग धरत नाही. सौम्य साबणाच्या कोमट पाण्याने व मऊ ब्रशने बारीक नक्षीतील धूळ काढावी, कोरडे करावे आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. सुटा भाग काढता आला तर त्याच्या मागच्या बाजूस प्लास्टिकचा प्रकार बहुधा उमटवलेला असतो. तेथे पीपी, म्हणजे पॉलिप्रोपिलीन, असे आढळले तर प्लास्टिकसाठीचा खास प्रायमर लावल्याशिवाय कोणताही रंग टिकणार नाही, नखाने सालपट निघेल. रंग मॅट काळा निवडावा आणि एका जाड थराऐवजी अनेक पातळ थर द्यावेत. चकाकणारा लॅकर मारलेला डॅशबोर्ड शोरूममध्ये शोभतो. दुपारच्या उन्हात मात्र त्याचे प्रतिबिंब थेट पुढच्या काचेत पडते आणि ड्रायव्हरला समोरचा रस्ता धूसर दिसतो. चकचकीतपणाच्या हट्टापायी हा धोका घेण्याचे मला तरी काही कारण दिसत नाही.

एक सावधगिरी मुद्दाम सांगतो. रंगकाम संपेपर्यंत केबिनमध्ये सिलिकॉनचे कोणतेही पॉलिश आणू नये. त्याचा अंश पृष्ठभागावर राहिला तर ताजा रंग जागोजागी फाकून बारीक खड्डे पडतात, आणि दोष मात्र पेंटरच्या हाताला दिला जातो.

सीटच्या बाबतीत रेक्झिनपेक्षा आतील काम पाहावे. जुन्या सीटमध्ये स्प्रिंगांचा एखादा हूक निसटलेला किंवा चौकटीची वेल्ड तुटलेली असते आणि नवा फोम तेथेच पुन्हा बसतो. कुशनवाल्याला निदान ४० घनतेचा फोम, म्हणजे एका घनमीटरला ४० किलो वजनाचा, वापरायला सांगावे. बोटाने दाबून मऊ लागतो म्हणून हलका फोम घेऊ नये, दिवसभर बसणाऱ्या माणसाची कंबर त्यात खचते. बैठकीच्या मधल्या भागात जाड सुती किंवा विणीचे कापड आणि कडांना रेक्झिन असे शिवून घेतले तर उन्हाळ्यात पाठ घामाने चिकटत नाही. इंजिनची उष्णता केबिनमध्ये येत असल्यामुळे इंजिनच्या झाकणाखालील उष्णतारोधक थरही याच वेळी तपासावा. तेथे साधा फोम किंवा गादीचा तुकडा कोंबण्याची पद्धत आहे, ती आगीला आमंत्रण देणारी आहे. अॅल्युमिनियमच्या आवरणाची ग्लासवूलची चादरच वापरावी.

प्रश्न : आमचा क्लीनर दर रविवारी बाहेरची काळी प्लास्टिकची जाळी, व्हायझर, मडगार्डची रबरे आणि दरवाजाचे बीडिंग डिझेलच्या बोळ्याने पुसतो. गाडी छान काळीभोर दिसते, पण बीडिंग फुगले आहे. याचा संबंध आहे काय? (एक वाचक, बारामती)

उत्तर : आहे, आणि सरळ आहे. डिझेल रबरात मुरते, रबर फुगते, आकार बिघडतो आणि मग दरवाजा आवळून लावावा लागतो. शिवाय तेलकट पृष्ठभागावर रस्त्याची धूळ बसते व ती पुढच्या पुसण्याच्या वेळी रेजमालासारखी घासली जाते. फुगलेले बीडिंग पूर्ववत होत नाही, ते बदलावे. नव्या बीडिंगला साबणपाण्याने धुऊन महिन्याकाठी सिलिकॉन ग्रीस किंवा ग्लिसरीनचा अगदी पातळ हात द्यावा. जाळीचे प्लास्टिक उन्हाने पांढरट झाले असेल तर हीटगनने ते क्षणात काळे होते, असे दाखवले जाते. ते खरे आहे, पण तो परिणाम टिकाऊ नाही आणि गन जरा जवळ गेली की जाळी वाकडी होते. प्लास्टिकसाठीचा रंग देणे किंवा, भाग मिळत असल्यास, नवी जाळी बसवणे अधिक शहाणपणाचे.

प्रश्न : केबिनचा रंग बदलून पिवळ्याचा निळा करायचा आहे. आरटीओची काही अडचण येईल काय? (एक वाचक, लातूर)

उत्तर : नोंदणी प्रमाणपत्रावर रंग नमूद असतो, त्यामुळे रंग बदलणार असल्यास आरटीओकडे तशी नोंद करून घ्यावी. ८ वर्षांहून जुन्या मालवाहू वाहनाची फिटनेस तपासणी दरवर्षी होते आणि तेथे ही तफावत अडवली जाऊ शकते. पेंटरने जुन्या परावर्तक पट्ट्यांवरून रंग फिरवला नाही ना, तेही पाहावे. पुढे पांढरी, बाजूंना पिवळी आणि मागे लाल, अशा नव्या पट्ट्या रंग पूर्ण वाळल्यावरच चिकटवाव्यात.

प्रश्न : केबिनच्या छताच्या कापडाला वर्षानुवर्षांच्या विडीच्या धुराचा पिवळा थर आणि वास आहे. अत्तराच्या बाटल्या टांगून पाहिल्या, उपयोग झाला नाही. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : होणारही नाही, कारण वास हवेत नसून त्या चिकट थरात आहे. छत रेक्झिनचे असेल तर सौम्य साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने, छोटा छोटा चौकोन घेऊन पुसावे आणि प्रत्येक चौकोनानंतर फडके बदलावे, नाहीतर पिवळे ओघळ उमटतात. आत कापड व फोम चिकटवलेले असेल तर ते भिजवू नये, भिजल्यास गोंद सुटून छत लोंबते. तेथे केवळ अपहोल्स्टरी क्लीनरचा फेस वापरावा. एवढे करूनही वास राहिला तर छताचे कापड बदलावे आणि त्याच दिवशी सन व्हायझरही पुसून घ्यावेत, कारण तोच थर तेथेही असतो आणि तो सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.