आपण सकाळी कालची पोळी का खातो?

प्रिय माऊ,

फ्रीजवर चुंबकाखाली अडकवलेली तुझी चिठ्ठी बाबांनी मला रात्री दाखवली. "आई, आपण सकाळी कालची पोळी का खातो? लोटे म्हणाली, त्यांच्याकडे शिळा ब्रेड बदकांना देतात." अक्षर सुंदर आहे. शनिवारच्या मराठी वर्गाला जायला लागल्यापासून तू पहिल्यांदाच मला मराठीत काही विचारलंस, म्हणून उत्तरही मराठीतच लिहिते आहे. अडेल तिथे बाबांकडून वाचून घे.

रविवारी तुझी मैत्रीण लोटे आपल्याकडे न्याहारीला होती, आणि तू हेच विचारलंस तेव्हा माझ्या हातात उलथणं होतं आणि कढईत मोहरी तडतडत होती. "आवडते म्हणून," एवढंच मी म्हणाले. लोटेने ताटलीतले काळे दाणे बोटाने बाजूला केले आणि बदकांचं बोलली. ती वाईट मनाने बोलली नाही. पण तुझा चेहरा उतरला. तुझी ताटली तशीच राहिली, हे मी पाहिलं होतं.

आधी लोटेच्या घरचं सांगते. मी लग्न होऊन इथे नेदरलँड्सला, ॲम्स्टेलफेनला आले तेव्हा ऑफिसात एक बाई रोज सकाळी ब्रेडला लोणी लावून त्यावर चॉकलेटचे बारीक दाणे पसरायची. मला वाटलं, हिचा आज वाढदिवस असेल. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मग कळलं की याला हाखेलस्लाख म्हणतात, म्हणजे गारांचा मारा, आणि इथली मुलंच काय, मोठी माणसंही सकाळी हे खातात. बार्शीची आजी आली होती तेव्हा तिने तो डबा हातात घेऊन दोनदा विचारलं, "हे न्याहारीला? केकवर टाकायचं नाही हे?" मग पोळीवर तूप लावून त्यावर ते दाणे टाकून तिने खाल्लं आणि "गूळ-तूप-पोळीच की" म्हणाली. तुला आठवत नसेल, तू तीन वर्षांची होतीस.

तू जन्मलीस तेव्हा बाळंतपणानंतर घरी यायची ती नर्स गोल कुरकुरीत टोस्ट घेऊन आली होती. त्यावर लोणी आणि गुलाबी-पांढरे दाणे. त्या दाण्यांना इथे 'छोटे उंदीर' म्हणतात. मी घाबरतच खाल्ले आणि दाताखाली बडीशेपेची चव आली! साखरेत घोळवलेलं ॲनिसचं बी, आपल्याकडे जेवणानंतर वाटीतून फिरवतात त्या बडीशेपेसारखंच लागणारं. बाळ झाल्याच्या आनंदात हे लोक बडीशेपेच्या चवीचे दाणे खातात, आणि बाळंतिणीला बडीशेप-ओवा द्यावा हे तुझ्या पणजीनेही सांगून ठेवलेलं होतं. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं.

आता आपल्या पोळीचं.

माझी आजी, म्हणजे तुझी पणजी, बार्शीजवळच्या एका खेड्यात राहायची. घरची ज्वारीची शेती. तिथे 'सकाळी काय करू?' असं कोणी विचारत नसे. पुरुष उजाडायच्या आत औत घेऊन शेतावर जायचे आणि नऊच्या सुमाराला न्याहारी टोपलीतून त्यांच्याकडे जायची. टोपलीत असायची रात्रीची भाकरी. सकाळी सकाळी चूल पेटवायची तर तुराट्या आणि गोवऱ्या लागायच्या, त्या दुपारच्या स्वयंपाकाला पुरवायच्या होत्या. म्हणून रात्रीच भाकऱ्या जास्त थापायच्या. ज्वारीची भाकरी रात्रभरात कडक होते. ती ताकात कुस्करायची, वर चिमूटभर मीठ, तोंडाला बुक्कीने फोडलेला कांदा आणि शेंगाची चटणी. आपल्या सोलापूरकडची शेंगाची चटणी तुला ठाऊकच आहे, शेंगदाण्याला तेल सुटेपर्यंत कुटलेली. तिकडे तर भाकरी मुद्दाम पातळ करून कडक वाळवतात, ती कितीतरी दिवस टिकते आणि आमटीत मोडून खातात. म्हणजे ताज्यापेक्षा वाळलेलीच हवी, असंही असतं.

थंडीत मात्र सकाळची खरी चैन व्हायची. शेतात आगटी करायची, म्हणजे खड्ड्यात गोवऱ्या पेटवून त्यांचा निखारा पाडायचा, आणि ज्वारीची कोवळी, दुधाळ कणसं त्या राखेत खुपसून भाजायची. गरम कणीस हातावर चोळलं की हिरवे दाणे पडतात, तो हुरडा. गूळ, दही, लसणाची चटणी यांच्याबरोबर खायचा. शेणाच्या निखाऱ्यात भाजलेलं कच्चं धान्य! हे लोटेला सांगितलंस तर ती फोडणीची पोळी विसरून जाईल. मला विचारशील तर जगातली सगळ्यात चांगली न्याहारी हीच, आणि ती जानेवारीत शेताच्या बांधावर बसूनच खायची असते. पुढच्या नाताळच्या सुट्टीत आपण जाऊ तेव्हा तुला खायला घालीन.

पण तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर अजून लिहिलेलं नाही. ते थोडं जड आहे. तू अकरा वर्षांची झालीस, तुला कळेल.

1972 साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. आजी तेव्हा दहा वर्षांची होती, तुझ्याहून लहान. शेतात काही उगवलं नाही. पणजी सरकारने काढलेल्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. त्या वर्षी अमेरिकेतून लाल ज्वारी यायची, तिला सगळे मिलो म्हणायचे. तिची भाकरी थापतानाच तुटायची आणि चवीला रुचायची नाही, असं आजी सांगते. कामावर सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, मिळायची, ती पणजी पदरात बांधून मुलांसाठी आणायची. आणि रात्री उरलेला मिलोच्या भाकरीचा तुकडा सकाळी सगळ्या भावंडांत वाटला जायचा. आजीच्या हातून आजही पोळीचा तुकडा टाकवत नाही तो यामुळे. इथे आली होती तेव्हा तू टोस्टच्या कडा काढून ठेवायचीस आणि ती गुपचूप खायची, मी पाहिलं होतं.

लोटेच्या देशालाही हे माहीत आहे. 1944-45 च्या हिवाळ्यात, महायुद्ध संपत आलेलं असताना, इथे अन्न मिळेना तेव्हा लोकांनी ट्यूलिपचे कांदे उकडून खाल्ले. तिच्या घरी कोणी जुनं माणूस असेल तर तिला विचारायला सांग. आणि शिळ्या ब्रेडचे तुकडे दूध-अंड्यात बुडवून, दालचिनी घालून तव्यावर परततात ते वेंटलतेफ्येस तिच्या घरी नक्की होत असतील. तोही कालचाच ब्रेड. बदकांना जातो तो त्यातूनही उरलेला.

आणखी एक गोष्ट आहे, ती आजीने मला मी मोठी झाल्यावर सांगितली. पोट भरायला लागल्यावरही शिळं संपलं नाही, ते फक्त बायकांच्या वाट्याला गेलं. लग्न होऊन आजी बार्शीत आली. तिथे ज्वारी मागे पडून गव्हाच्या पोळ्या होत होत्या, सकाळी सगळ्यांना गरम पोहे, आणि रात्रीच्या उरलेल्या दोन पोळ्या सुनेला. कोणी तसं म्हणत नसे, पण डबा उघडून त्या संपवायच्या तिनेच, सगळ्यांचं झाल्यावर, ओट्याशी उभं राहून, चहात बुडवून. बऱ्याच घरांत असंच होतं. गावातल्या कामाच्या माणसांना तर शिळं सरळ दारातून दिलं जायचं, आणि त्यांना नाही म्हणता येत नसे. हे वाईट होतं आणि ते तुला माहीत असायला हवं.

एका सकाळी पोहे संपलेले होते. आजीने त्या पोळ्या हाताने कुस्करल्या, भरपूर कांदा चिरला, आणि मोहरी, हिंग, हळद, हिरवी मिरची, कढीपत्ता अशी खमंग फोडणी दिली. वास बाहेरच्या खोलीत गेला. आजोबा आत येऊन म्हणाले, "हे काय केलंस? मलाही दे." दुसऱ्या दिवशी मामाने मागितली. मग रात्री पोळ्या जास्त करायला लागल्या. त्यानंतर आमच्या घरी शिळी पोळी कोणा एकटीच्या ताटात गेली नाही. मी शाळेत जायला लागले तोवर तिच्यावरून आमची भांडणं होत होती, कढईच्या तळाची खरपूस खरवड कोणाला यावरून.

म्हणून मी कुस्करलेली पोळी करते, माऊ. "आवडते म्हणून" हे खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं.

हे सगळ्यांना पटतं असं नाही. गीतेच्या 17व्या अध्यायात शिळं अन्न तामसी म्हटलंय, आणि कित्येक सोवळ्याच्या घरांत रात्रीचं सकाळी चालत नाही. देवाच्या नैवेद्याला तर शिळं कोणीच ठेवत नाही. पण त्याच आपल्याकडे श्रावणात शिळासप्तमी येते, त्या दिवशी चूल पेटवायचीच नाही, आदल्या दिवशी केलेलं खायचं आणि चुलीलाच विश्रांती द्यायची. मला हा सण फार आवडतो, चुलीपेक्षा तिच्यापुढे बसणाऱ्या बाईला त्या दिवशी उसंत मिळते म्हणून.

बाबांकडे वेगळंच. वेंगुर्ल्याला सकाळी उकड्या तांदळाची पेज, बरोबर भाजलेला सुका बांगडा किंवा लोणचं. तुला तो वास सहन झाला नव्हता आणि तू अंगणात पळालीस, आठवतं? पण शिरवाळे मात्र तू तीनदा मागून घेतलेस. तांदळाच्या उकडीच्या शेवया दाबून पाडायच्या आणि गूळ घातलेल्या नारळाच्या दुधात बुडवून खायच्या. सकाळी गोड खाणारे फक्त डच नाहीत. नागपूरच्या मावशीकडे पोह्यांवर काळ्या हरभऱ्याची झणझणीत तर्री ओततात. आणि लातूरकडे चुरमुरे भिजवून, पिळून, फोडणी देतात, त्या पदार्थाचं नाव सुशीला. मला लहानपणी वाटायचं की ती कोणीतरी आत्या आहे.

आता कृती, कारण तू चिठ्ठीच्या मागे बारीक अक्षरात "लोटेला शिकवू का?" असंही लिहिलं आहेस. ते मी नंतर वाचलं. शिकव.

पोळी कालचीच हवी. ताजी कुस्करलीस तर कढईत तिचा लगदा होईल. गव्हातलं पिठूळ सत्त्व, ज्याला स्टार्च म्हणतात, ते गार झालं की पुन्हा घट्ट होतं आणि पोळी कोरडी पडते, म्हणून तुकडे मोकळे राहतात. ब्रेड शिळा होतो तोही याचमुळे. चार पोळ्या हाताने कुस्कर, मिक्सर लावू नकोस, त्याने भुगा होतो. काही तुकडे नखाएवढे, काही त्याहून मोठे राहू देत. कांदा हात सैल सोडून घ्यायचा, चार पोळ्यांना दोन मोठे. शेंगदाणे आधी तेलात तळून घे, मग मोहरी, मग बाकीचं. कढीपत्ता टाकताना मागे सर, तेल उडतं, आणि गॅसपाशी मी असेनच. पोळी घालून मीठ, चिमूटभर साखर, आणि वरून पाण्याचा हबका. हबका म्हणजे ओंजळीतून शिंपडायचं, ओतायचं नाही. झाकण ठेवून एक वाफ. वर लिंबू आणि कोथिंबीर. बरोबर दही. लोटेला मिरची घालू नकोस, आणि मोहरी तिने पहिल्यांदाच अख्खी पाहिली असणार, तिच्या घरी ती पिवळ्या लगद्यासारखी बाटलीत असते. एक दाणा तिला नुसता चावून बघायला दे.

भाताचं मात्र असं करायचं नाही. फोडणीच्या भातासाठी रात्रीचा भात निवला की लगेच फ्रीजमध्ये गेला पाहिजे. बाहेर राहिलेल्या भाताने पोट बिघडतं, तो टाकायचा, बदकांनाही नाही.

फोडणीच्या पोळीला आपल्याकडे कोणी कुस्करा म्हणतं, कोणी मनोहरा, भाकरीची असेल तर कुटके. लोटेने नाव विचारलं तर मनोहरा सांग. डच जिभेला ते सोपं जाईल आणि ते आहेही छान.

लोटेच्या आईशी मी बोलले, ती शनिवारी रात्री पुन्हा राहायला येते आहे. आठ पोळ्या जास्त करीन आणि डब्यात फडक्यात गुंडाळून ठेवीन. रविवारी मला उठवू नका, पण कढई लावायच्या आधी उठवा. आणि दुपारी आजीला फोन कर, खरवड कोणाला मिळाली ते तिला सांगायचं आहे.

तुझी,
आई