क्रेडिट कार्डावरचा बॅलन्स ट्रान्सफर (दुसऱ्या कार्डाची थकबाकी या कार्डावर आणणं) शून्य टक्क्याने आहे, मग नव्या खरेदीवर व्याज का लागलं?

बहुधा ट्रान्सफरची रक्कम अजून बाकी असल्यामुळे तुमच्या खरेदीची बिनव्याजी मुदत गेली आहे. ही मुदत टिकवायची तर सहसा स्टेटमेंटवरची पूर्ण रक्कम देय तारखेपर्यंत भरावी लागते, आणि शून्य टक्क्याची असली तरी ट्रान्सफरची रक्कम त्यात धरतात. म्हणजे १०,००० ट्रान्सफरचे आणि ५०० खरेदीचे असतील, तर बिल आल्यावर नुसते ५०० भरून भागत नाही. खरेदीच्या दिवसापासून रोजचं व्याज चढलेलं असतं. (जाहिरातीत शून्य मोठं, ही अट बारीक अक्षरात!) काही कार्डं मात्र ट्रान्सफर वगळून बाकीचं बिल चुकतं केलं तरी मुदत देतात, आपल्या कार्डाच्या अटी बघा. तोवर खरेदी दुसऱ्या कार्डावर करा.