आवड वाढवायची तर वादकांची नावं वाचत जा

तू विचारलंस, सिनेमाची गाणी सोडून शास्त्रीयाकडे वळायचं कसं? सोडू नकोस. तिथूनच वाट फुटते. 'सिलसिला' (१९८१) तुला आवडतो ना? त्याचं संगीत देणारे शिव-हरी म्हणजे संतूरवाले शिवकुमार शर्मा आणि बासरीवाले हरिप्रसाद चौरसिया. आता त्यांचाच १९६७ चा 'कॉल ऑफ द व्हॅली' लाव. सोबत ब्रिजभूषण काब्रांची गिटार आहे, तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मिरातल्या मेंढपाळाचा एक दिवस सकाळच्या अहीर भैरव रागापासून सुरू होतो. मला विचारशील तर नवख्यासाठी याहून चांगली रेकॉर्ड नाही.

पण ती एकदा ऐकून पुढे पळू नकोस. एक दिवस फक्त गिटारच्या मागे कान लाव, दुसऱ्या दिवशी फक्त तबल्याच्या. सुरुवातीच्या संथ आलापात तबला नसतो. तो नेमका कुठे येतो ते पकड. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये मात्र हे नको, हळू स्वर तिथे हरवतात. रात्री घरी ऐक.

तबल्याची गोडी लागली की झाकीर हुसेन, आणि त्यांच्यामागून जॅझ गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिनसोबतचा 'शक्ती' हा अल्बम (१९७६). तिथून जॅझकडे जा, नाहीतर त्यातल्याच विक्कू विनायकरामांच्या घटमपासून (मातीच्या घड्याचं तालवाद्य) कर्नाटक संगीताकडे.

कुमार गंधर्व पहिल्या फटक्यात नाही भिडले तर जबरदस्ती करू नकोस, वर्षभराने पुन्हा लाव. आणि ठाण्यात राहतोस, तर पं. राम मराठे महोत्सव चुकवू नकोस. लवकर जाऊन पुढे बस, तानपुरे जुळवताना ऐकायला मिळतील.